मावशींचा न उमटणारा अंगठा

पाथर्डी, मंगळवार, संध्याकाळ

आज आमच्या रेशनकार्डाच्या खिडकीवर भामामावशी केवायसीला आल्या. ऊसतोडीत झिजलेला त्यांचा अंगठा मशीन काही घेईना. तो पदराला पुसून तिसऱ्यांदा ठेवताना हळूच म्हणाल्या, "माझ्या पळून गेलेल्या पोरीचा पत्ता दिसतो का गं यात? तिच्या बापाला न्हाई सांगायची मी."

दिसतो. गेल्या आठवड्यात तिच्या भावालाही तोच हवा होता. तेव्हा मी ताडकन म्हणाले होते, "सरकारी माहिती फोडली तर तुरुंगात जाईन मी." आज मावशींनाही तेच सांगितलं. आईला तरी वेगळा कायदा नको का? पण तिच्याकडून पत्ता बाप-भावाच्या हाती गेला तर?

"बरं, नगं सांगू. जित्ती हाय ना, एवढंच."

बघायचं नव्हतं, तरी बघितलं. मुलीच्या नव्या कार्डावर तिच्या नावाखाली एक चिमुकलं नाव. वय एक वर्ष. मी बोलले काहीच नाही, पण हसले बहुतेक. हसण्यालाही शिक्षा असेल का?

मावशी माझ्या तोंडाकडे बघत राहिल्या. मग खिडकीतून हात घालून माझ्या गालांवरून फिरवले आणि स्वतःच्या कानशिलांवर कडाकडा बोटं मोडली.

दृष्ट माझी नव्हतीच काढली त्यांनी.