नऊ चित्रांची जागा

बाबा, आज दुपारी तुमचा चेहरा दुरुस्त झाला. बहिणीच्या लग्नाच्या कॅसेटमधला. तुम्ही मांडवाच्या खांबाला टेकून उभे आहात, डाव्या खांद्यावर दुपट्टा, आणि कॅमेरावाल्याकडे वळून विचारता, "तू जेवला का गा?" आणि हसता. तुम्ही हलताना, बोलताना दिसता असं एवढंच काय ते आमच्याजवळ उरलं आहे, आणि नेमकं हसण्याच्या वेळी तुमच्या तोंडावरून पांढरे पट्टे सरकत जायचे. आवाज शाबूत, चेहरा नाही. कॅसेट कितीतरी वर्षं बहिणीकडे लाखांदूरला आलमारीत पडून होती. तिच्या भिंतीला ओल येते, म्हणून सगळे म्हणतात ओलीनंच खराब झाली, आणि ती बिचारी मान खाली घालते. या रविवारी ती येणार आहे. त्याआधी तुमचं हसू जागेवर यावं, नाहीतर ती पुन्हा खालीच बघत बसेल, असा घोर मला लागला होता.

आमची सून लग्नाच्या व्हिडिओचं एडिटिंग घरीच करते. जवाहरनगरला कारखान्याच्या क्वार्टरमध्ये वाढलेली, कामाला चटपटीत. तिनं भंडाऱ्याहून कॅसेट कॉम्प्युटरवर घेता येईल अशी करून आणली. मी तिच्याशेजारी खुर्ची टाकून बसलो आणि दर पाच मिनिटांनी विचारत राहिलो, "सेव केलं का बेटा? लाइन गेली त?" शेवटी ती म्हणाली, "मामाजी, आता विचाराल तर मी उठून भांडी घासायला जाईन." तिनं समजावलं की एका सेकंदात पंचवीस चित्रं पळतात, त्यातली तुमची नऊ बिघडली आहेत. ती काढायची आणि तिथे चांगली बसवायची. तिनं पंगत उठल्यानंतरची तुमची चित्रं घेतली, कारण तिथे चेहरा स्वच्छ होता. लावून दाखवली. दुपट्टा क्षणभर उजव्या खांद्यावर जाऊन परत आला.

"अर्धा सेकंदही नाही मामाजी, कोण पाहणार आहे?"

"मीच पायतो ना. हे त्या वेळचे नाहीत, नंतरचे आहेत."

तेव्हा मला आपली तलावाखालची धानाची बांधी आठवली. चौथीनंतर माझी शाळा सुटली त्याच वर्षीची. रोवणी झाली आहे, मधे मधे रोपं मेली आहेत, आणि ती रिकामी जागा भरायला तुम्ही मला पाठवता. मी आळशी. शेजाऱ्याच्या बांधावर त्याच्या रोवणीतून उरलेले पऱ्हे, म्हणजे रोपं, पडलेले असतात, तेच उचलून चिखलात खोचतो आणि लवकर घरी येतो. कापणीला बघतो तर आपला धान पिवळा, आणि मधे मधे शेजाऱ्याचे हिरवेगार झुपके. तुम्ही बांधावर उभे. "एका बांधीत दोन धान लावून ठेवले बे तुनं? बाजूलेच आपलं दाट होतं, तिथलं काहून नाई काढलं?" एकेक हिरवा झुपका चुकवून तुम्ही मला पिकलेला धान कापायला लावला. पूर्ण दिवस गेला. संध्याकाळी आईला ते सांगताना मात्र तुम्ही पोट धरून हसलात. मी दाराआडून पाहिलं, आणि माझी भीती गेली.

मी सुनेला म्हटलं, "बेटा, लांबून नको आणू. बाजूचंच घे. खराब झालं त्याच्या आधीचं चित्र अन् नंतरचं चित्र." तिनं माझ्याकडे पाहिलं, मग तसंच केलं. अर्धी जागा आधीच्या चित्रानं भरली, अर्धी नंतरच्या. आता तुमची मान वळताना थोडी अडखळते. पण दुपट्टा हलत नाही, आणि हसू तुमचंच आहे. सून म्हणाली, "मामाजी, तुम्हाला कामावर ठेवावं लागेल." मला फार बरं वाटलं. तिच्याकडून तीन पेनड्राइव्ह भरून घेतले. एक स्टीलच्या डब्यात झाकण लावून ठेवला आहे, दोनदा उघडून पाहिला.

जाता जाता ती एवढंच बोलली, "ओल असती तर डाग सगळीकडे असते. इथेच आहेत. कोणीतरी इथे खूप वेळा थांबवून ठेवली असेल." मी म्हटलं चहा गार होऊन राहिला, आणि उठलो.

मीच थांबवायचो, बाबा. तुम्ही गेल्यावर, कॅसेट बहिणीकडे जायच्या आधी, व्हीसीआर माझ्या घरी होता तेव्हा. घरचे शेतावर गेले की लावायचो आणि तुम्ही हसलात की बटण दाबून तुमच्याकडे बघत बसायचो. तशानं फीत झिजते हे मला कोणी सांगितलं नव्हतं. सांगितलं असतं तरी थांबवली नसती असं नाही. पण नंतर सगळे ओलीचं बोलत राहिले, आणि मी बोलू दिलं.

हे पत्र तुम्हाला पोचायचं नाही, उशाखालीच राहील. यातलं शेवटचं बहिणीला सांगायला हवं. रविवारी सांगेन. आधी तिला पोटभर जेवू घालतो, तुम्ही घातलं असतं तसं, मग सांगतो.