बोडीवरचा उजेड

एकोडी, मंगळवार, संध्याकाळ

…आणि दुभाषा म्हणून सही करून मी पेन परत दिलं. वाचलं नाही. जबाब शेजारच्या शेवंताकाकूंचा; त्यांनी अंगठा आधीच दिला होता. चौकशीला आलेले लष्करातले साहेब सभ्य होते, फक्त घाईत होते. परवा तिन्हीसांजेला बोडीवर निळा उजेड थांबलेला दिसला, एवढंच काकूंना सांगायचं होतं. बोडी म्हणजे आमचं लहानसं तळं. हिंदीत सांगताना मी 'तालाब' म्हणायला हवं होतं. बोडीच म्हणालो. सवयीनं.

घरी येऊन मोबाइलमधला कागदाचा फोटो वाचला. 'ब्ल्यू लाइट सीन ओव्हर बॉडी.'

लगेच साहेबांना फोन लावला. "सर, बोडी मतलब तालाब. कोई मरा नहीं है."

"मास्टरजी, रिपोर्ट ऊपर गई. पुलिस को भी कॉपी गई. अब वो देखेंगे."

"और वो लाइट?"

"लाइट का बाद में."

काकूंना सांगितलं तर त्या हसल्या. "बोडीत कोन मरन गा मास्तर? गुडघाभर तं पानी हाये." मग हसू थांबलं. "थेच पानी धानाले पुरवाचं हाये." धान निसवलंय, लोंब्या बाहेर आल्यात, शेवटचं पाणी बाकी आहे.

मी मुलांना भाषा शिकवतो. बोडी. एवढा एक शब्द. सही माझी.

बुधवार

सकाळी पोलीस आले. दोन मोटारपंप लावून त्यांनी बोडी उपसली, पाणी नाल्यात सोडलं. आत काही मिळालं नाही.