चांदणीच्या पुढचं

मी, खाली सही करणारी, वय वर्षे एकसष्ट, धंदा मेलेल्या डिस्कमधून जिवंत माहिती काढून देण्याचा, राहणार याच दुकानाच्या मागच्या दोन खोल्यांत, हे मृत्युपत्र स्वखुशीने, स्वतःच्या अक्षरात आणि चहा पिऊन पूर्ण जागी असताना लिहून ठेवते. माझं डोकं ठिकाणावर आहे असा दाखला डॉक्टरीणबाईंनी दिला आहे, तो सोबत जोडला आहे. छाती ठिकाणावर नाही असाही दाखला त्यांचाच आहे. तोही जोडला आहे.

या कागदात "वरीलप्रमाणे" हा शब्द मी वापरणार नाही. वकिलांनी दिलेल्या नमुन्यात तो नऊ वेळा होता आणि मी तो नऊही वेळा खोडला. ज्याला जे द्यायचं ते दर वेळी पुरतं लिहीन. असं का, ते पाचव्या कलमात कळेल.

कलम एक. दुकान आणि मागच्या दोन खोल्या माझ्या भाचीला, म्हणजे माझ्या दिवंगत धाकट्या भावाच्या एकुलत्या एका मुलीला द्याव्यात. मागच्या खोलीची खिडकी दमट हवेत फुगते. ती लाथ मारून उघडू नये, खालच्या कोपऱ्याला तळहाताने दाबावं. माझा दुसरा वारस नाही. लग्न मी केलं नाही, त्याची कारणं दोन होती आणि त्या दोघांचीही लग्नं यथावकाश झाली.

कलम दोन. बँकेतली ठेव माझ्या भावजयीला द्यावी. ती "मला नको" म्हणेल. तिला म्हणू द्यावं, आणि मग द्यावी.

कलम तीन. माझी हत्यारं वरच्या मजल्यावरच्या प्रिंटरवाल्याला द्यावीत. त्याने माझा सर्वांत बारीक स्क्रू ड्रायव्हर "पाच मिनिटांत देतो" म्हणून नेला आणि वर्षभराने टोक मोडून परत आणला. वर मलाच म्हणाला, "बाई, तुमचा माल हलका होता." तेव्हापासून मी त्याच्याशी फक्त जिन्याच्या दिव्याबद्दल बोलते. तरी हत्यारं त्यालाच द्यावीत, कारण या इमारतीत त्यांचा उपयोग दुसऱ्या कुणाला नाही. मोडक्या टोकाचा स्क्रू ड्रायव्हर मी जपून ठेवला आहे. तो सर्वांत वर ठेवून द्यावा.

यात एक काळी डबी आहे. दुसऱ्याची डिस्क तपासताना ती मध्ये लावली की डिस्क वाचता येते, पण तिच्यावर चुकूनसुद्धा काही लिहिलं जात नाही. ही डबी मी अकरा वर्षांपूर्वी घेतली. एक दिवस आधी घ्यायला हवी होती.

कलम चार. माझी निळी वही भाचीला द्यावी. ती हे काम करणार नाही हे मला ठाऊक आहे, पण पुढचं समजायला तिला वहीतल्या चार गोष्टी लागतील. म्हणून त्या इथेच लिहिते.

डिस्कवर फाइली, फोल्डर, नावं दिसतात ती वरवरची मांडामांड. खाली नुसते आकडे असतात. ते जसेच्या तसे समोर आणणारी आज्ञा म्हणजे हेक्सडंप. तिच्यामागे शेपट्या लावायच्या असतात. डॅश सी लावलं की आकड्यांच्या उजवीकडे अक्षरंही दिसतात. डॅश एन म्हणजे किती वाचायचं. डॅश एस म्हणजे सुरुवातीचं किती सोडून पुढे उडी मारायची. आणि डॅश व्ही म्हणजे ओळन् ओळ दाखव, काही गाळू नकोस.

डॅश व्ही लावलं नाही, तर एकसारख्या ओळी लागोपाठ आल्यावर ही आज्ञा पहिली ओळ छापते आणि तिच्याखाली एक चांदणी ठेवते. अर्थ असा, की पुढे वरीलप्रमाणे. ती चांदणी दोन ओळींची असो की दोन कोटी ओळींची, दिसायला तेवढीच. ती पडली की पडदा गप्प होतो. मशीन आत वाचत असतं, पण बाहेर काही उमटत नाही. माणसाला वाटतं, संपलं.

दुसरी आज्ञा डीडी. एका डिस्कवरचं दुसऱ्या डिस्कवर जसंच्या तसं उतरवणारी. तिला फक्त दोन गोष्टी सांगायच्या असतात, आयएफ आणि ओएफ. आयएफ म्हणजे कुठून, ओएफ म्हणजे कुठे. डीडी प्रश्न विचारत नाही. सांगाल तसं करते.

कलम पाच. टेबलाचा मधला खण आणि त्यातली डिस्क.

माझा भाऊ गोदामात साठ्याची नोंद ठेवायचा. खोक्याच्या आत यादी, खोक्याबाहेर यादी, असा त्याचा शिरस्ता. बाजारपेठेतले लोक मला संगणकातल्या बाइटवरून बाइटबाई म्हणायला लागले तेव्हा त्याने "बा"चा "वा" केला आणि जन्मभर मला वाईटबाई म्हणाला. "वाईटबाई, जेवलीस का?" असा त्याचा फोन यायचा. धीराच्या बाबतीत माझं ज्ञान पूज्य, हे त्याला लहानपणापासून माहीत होतं. भाताचं झाकण मी दहादा उघडायचे.

तो आजारी पडला आणि शेवटच्या महिन्यात बोलणं ध्वनिमुद्रित करून एका डिस्कवर ठेवत गेला. त्या दिवसांत मी भेटायला गेले तेव्हा भावजय दारातच म्हणाली, "आत्ताच डोळा लागलाय हो ताई, उद्या या." तो उद्या आला नाही. हा राग मी मनात धरून ठेवला. तिची काहीच चूक नव्हती हे मला त्याच आठवड्यात कळलं होतं, तरी धरून ठेवला.

तीन आठवड्यांनी ती डिस्क घेऊन दुकानात आली. सोबत आठ वर्षांची भाची होती. डिस्क उघडत नव्हती, किरकोळ बिघाड होता. भाची टेबलाला नाक टेकवून म्हणाली, "आत्या, बाबा म्हणालेत त्यात माझ्यासाठी बोललेत. निघेल ना आवाज?"

मी म्हटलं, "निघेल की."

भावजय म्हणाली, "सांभाळून करा हं, ताई."

बस. एवढ्या शब्दांनी माझी तळपायाची आग मस्तकात गेली. अठरा वर्षं हे काम करणाऱ्या मला ही सांभाळून करायला सांगते! दुरुस्तीआधी डिस्कची नक्कल काढून ठेवायची, हा पहिला नियम. मी कोरी डिस्क जोडली, डीडी लिहिली आणि एंटर मारलं. मनात भावजयीशी भांडत होते. अडीच मिनिटांनी माझं लक्ष दिव्यांकडे गेलं. लिहिण्याचा दिवा भलत्याच डिस्कवर लुकलुकत होता.

मी आयएफच्या जागी ओएफ लिहिलं होतं आणि ओएफच्या जागी आयएफ. कोऱ्या डिस्कवरची शून्यं माझ्या भावाच्या बोलण्यावर ओतली जात होती.

थांबवली. किती लिहिलं गेलं तो आकडा डीडी शेवटी सांगते. तो न वाचताच मी पडदा पुसला. मग हेक्सडंप चालवली. शून्यांची एक ओळ आली. खाली चांदणी पडली. पुढे काही नाही. मी एक मिनिट थांबले असेन. डॅश एस लावून पुढे उडी मारता आली असती, शिकाऊ माणसालाही ते सुचतं. मला सुचलं होतं. पुढेही शून्यच निघालं तर, या भीतीने मी ती मारली नाही. चालू आज्ञा अर्ध्यात तोडणारं कंट्रोल-सी दाबलं, वळले आणि म्हणाले,

"कोरी आहे गं. काहीच नाही यात."

मी पुसली, हे म्हणायला जीभ रेटली नाही. "कोरी आहे" या वाक्यात माझा दोष नव्हता, त्याचा होता. मेलेल्या भावावर मी ढकललं.

भाचीने विचारलं, "म्हणजे बाबा खोटं बोलले?" भावजय म्हणाली, "कोरी नेऊन मी काय करू? राहू दे तुमच्याकडेच." मी ती मधल्या खणात ठेवली.

त्यानंतर त्या खणात मी दुसरं काही ठेवलं नाही. डिस्क कशालाही जोडलेली नसताना तिची फिरण्याची घरघर मला ऐकू यायची, गिऱ्हाईक समोर बसलेलं असताना, भर दुपारी. मी कान देऊन थांबले की बंद. बोलायला लागले की सुरू. पुढे मी प्रत्येकाची डिस्क डॅश व्ही लावूनच पाहायला लागले. तासन्‌तास पडद्यावरून शून्यं वर सरकायची आणि गिऱ्हाइकं वैतागायची. "बाई, हे काय भजन लावलंय?" असं एकाने विचारलं. मी त्याला सांगितलं, की मला चांदणी नको आहे. त्याला वाटलं, बाई कामातून गेली.

मागच्या महिन्यात छातीच्या फोटोत डाग निघाला. मालमत्तेची यादी करायची म्हणजे मधला खण उघडणं आलं. काळी डबी मध्ये लावून डिस्क जोडली आणि मुद्दाम तेव्हासारखीच, डॅश व्हीशिवाय, हेक्सडंप चालवली. शून्यांची ओळ, चांदणी, शांतता. या वेळी मी हात मांडीखाली घेऊन बसले. शेजारच्या घड्याळजींनी दिलेल्या घड्याळात सात मिनिटं झाली आणि चांदणीच्या खाली अक्षरं उमटली.

सात मिनिटं. मी एक मिनिट थांबले होते आणि मग अकरा वर्षं.

पुढे स्ट्रिंग्ज चालवली. ही आज्ञा आकड्यांच्या ढिगातून वाचता येण्याजोगी अक्षरं वेचून काढते. अगदी शेवटी एक यादी सापडली, इंग्रजी अक्षरांत लिहिलेल्या मराठीत. खोक्याच्या आत यादी, शिरस्त्याप्रमाणे. एकूण एकोणीस बोलणी. चार ते एकोणीस, सोळाही, भाचीसाठी. ती सगळी शाबूत आहेत. दोन आणि तीन बायकोसाठी होती. ती शून्यांखाली गेली. एक नंबरपुढे लिहिलं होतं, "ताईसाठी. आधी हे ऐक." तेही गेलं. डिस्क सुरुवातीपासून पुसली जाते आणि सुरुवातीला मी होते.

फाइल धड आहे का हे पाहायला मी चौथ्यातली काही सेकंदं ऐकली. भावाचा आवाज म्हणाला, "पिल्लू, आत्याने ही डिस्क उघडून दिली असेल. तिला आधी थँक्यू म्हण. ती सगळ्यात घाई करते, पण माझं काम ती घाईत करायची नाही." मी बंद केलं. त्या दिवशी मी दुकान उघडलं नाही, आणि रडले हे लिहायला मला लाज वाटत नाही.

सबब, सदर डिस्क आणि तिच्या दोन नकला माझ्या मृत्यूनंतर भाचीला द्याव्यात, आणि हे कलम तिला व तिच्या आईला वाचून दाखवावं.

कलम पाचची दुरुस्ती. काल सोमवारी हा मसुदा मी साक्षीसाठी घड्याळजींना वाचायला दिला. त्यांनी डोळ्यावरचं भिंग काढलं.

"बाई, तुम्ही मेल्यावर पोरीने बापाचा आवाज ऐकायचा?"

"मृत्युपत्र आहे. त्याची तीच रीत."

"ती रीत घराला. पोरीने काय घोडं मारलंय? आणि तुम्ही चांगल्या दहा वर्षं जगलात म्हणजे?"

मी म्हटलं, "माझ्यात तोंड दाखवायची हिंमत नाही हो."

ते म्हणाले, "मग हे पण कंट्रोल-सीच झालं की." आणि पुन्हा भिंग लावून काम करायला लागले.

म्हणून "माझ्या मृत्यूनंतर" हे शब्द मी खोडले आहेत. खाडाखोड माझ्याच हातची आहे. डिस्क या मृत्युपत्रातून वगळली आहे. भावजयीला मी काल संध्याकाळी फोन केला.

पुरवणी, आज मंगळवारची, सह्यांपूर्वी लिहिलेली. दोघी दहा वाजता आल्या. भाची आता एकोणीस वर्षांची आहे, टेबलापेक्षा पुष्कळ उंच. आवाज लावण्याआधी मी उभं राहून सगळं सांगितलं, ओएफपासून चांदणीपर्यंत, एकही ओळ न गाळता. भाची टेबलाकडे बघत राहिली.

भावजयीने विचारलं, "माझी कुठली होती?"

"दुसरं आणि तिसरं."

"काय बोलला होता?"

"नाही माहीत. आता कुणालाच कळणार नाही."

"अकरा वर्षं, ताई. पोर तेव्हापासून म्हणते, बाबा खोटं बोलले. मीही कधी कधी तेच म्हटलंय." तिचा आवाज चढला नाही. चढला असता तर बरं झालं असतं.

मग मी चौथं लावलं. तोच आवाज, तीच खोकल्याची उबळ. "पिल्लू, आत्याने ही डिस्क उघडून दिली असेल. तिला आधी थँक्यू म्हण." मी हात पुढे करून थांबवणार होते, पण थांबवलं नाही. भाचीने आईकडे पाहिलं. भावजयीने टेबलाची कड दोन्ही हातांनी धरली होती.

ती म्हणाली, "बाबांनी सांगितलंय ना? म्हण."

भाची माझ्याकडे वळली आणि म्हणाली, "थँक्यू, आत्या."

हे थँक्यू माझ्या मिळकतीत धरू नये. ते मी कमावलेलं नाही, आणि कुणाच्या नावे करावं हे मला माहीत नाही.

लिहून ठेवणार : वाईटबाई (सही)

साक्षीदार एक : शेजारचे घड्याळजी (सही)
साक्षीदार दोन : डॉक्टरीणबाई (सही)

ठिकाण : दुकान, मधला खण उघडा असताना
दिनांक : बारा मार्च, मंगळवार, दुपारी पाऊण वाजता. आत अजून सहावं चालू आहे.