यामिनीची दोन वर्षं

८ नोव्हेंबर १९९४, मंगळवार

वॉर्डांच्या आरक्षणाची चिठ्ठी निघाली. आमचा वॉर्ड महिला! पाच वर्षं नगर निगममध्ये पार्षद होतो, नंतर सात वर्षं पुढच्या निवडणुकीची वाट पाहत बसलो, आणि आज बरणीतून निघालेल्या एका कागदाने मला घरी बसवलं.

अशोक, आमच्या पक्षाचा मंडल अध्यक्ष, तिथेच कानाशी लागला. "भिया, टेन्शन नको. भाभीजींना उभं करू. काम तर तुम्हीच पाहणार."

घरी आलो तर शशिकला पोळ्या लाटत होती. तिला सांगितलं. "मला विचारलं का कोणी?" म्हणाली. म्हटलं, आत्ता विचारतोय ना. ती हसली नाही.

१४ नोव्हेंबर

शशिकलाचा फॉर्म भरला. म्हणजे मीच भरला, तिने सही केली.

१५ नोव्हेंबर

यामिनीने फॉर्म भरला. अपक्ष! आमच्या खो-खो संघाची यामिनी. अकरा वर्षं मी जिल्हा संघाचा सेक्रेटरी आहे, या पोरीला खांबाकडे सूर मारायला मी शिकवलं. आणि ती माझ्याच बायकोसमोर उभी!

कारण काय, तर मिलचं मैदान. मिलला कुलूप लागून दोन वर्षं झाली, आता मैदानाचे प्लॉट पडायचे आहेत. आमच्या पक्षातल्या मोठ्या लोकांचा त्यावर डोळा आहे, हे परदेशीपुऱ्यात कोणाला माहीत नाही? मुलींनी खेळायचं कुठे, हा तिचा प्रश्न. मलाही पडतो तो. मी विचारत नाही, एवढंच.

तिच्यामागे दीडशे बायका होत्या, मिलमधून काढलेल्यांच्या घरच्या. आमच्याकडे तीस. त्यातल्या निम्म्या अशोकने टेम्पोतून आणलेल्या.

सकाळी घरी येऊन पाया पडून गेली. "काका, आशीर्वाद द्या." दिला. तोंडातून निघूनच गेला.

१६ नोव्हेंबर

शशिकला दिवसभर धान्य निवडत बसली. प्रचाराला चल म्हटलं तर डोकं दुखतंय म्हणे.

१७ नोव्हेंबर

पत्रकात माझी कामं छापायची म्हणून अशोकने संघाची फाइल नेली होती. मी मूर्खासारखी अख्खी फाइल दिली. त्यात एक्याण्णवच्या ज्युनियर संघाचे वयाचे दाखले. यामिनीच्या दाखल्याप्रमाणे ती आज वीस वर्षांची. पार्षदाला एकवीस पूर्ण लागतात.

"भिया, ये तो लॉटरी लग गई," अशोक म्हणाला. मीही हसलो. घरी आलो आणि जेवायला न बसता आधी ही वही काढली.

कारण तो दाखला खोटा आहे. इथे लिहायला काय हरकत, इथे कोण वाचतंय? तेव्हा ती एकोणीसची होती, आणि ज्युनियरला अठराच्या आत लागत. तिच्याशिवाय संघ पहिल्याच फेरीत बाहेर गेला असता. मी दोन वर्षं कमी केली. शाळेच्या रजिस्टरमध्येही करवून घेतली, तिथे ओळख होती. आमच्या ओट्यावर बसवून पोरींकडून नव्या जन्मतारखा घोकून घेतल्या होत्या. शशिकला त्यांना पोहे देत होती. ऐकत होती सगळं.

सगळेच जिल्हे करतात! शील्ड आली तेव्हा राजवाड्यापर्यंत वाजतगाजत आणली, तेव्हा कोणी वय विचारलं नाही.

तिचा जन्म घरचा, दाईच्या हातचा. नगर निगममध्ये नोंद नाही. मतदार यादीत बावीस लिहिलंय, पण यादीवर कोण भरवसा ठेवतो?

१८ नोव्हेंबर

छाननी. अशोकने हरकत घेतली, दाखला पुढे केला. अधिकाऱ्याने मला विचारलं, "ये आपके संघ का है?" म्हटलं, जी. "दस्तखत आपके?" जी. दोन्ही उत्तरं खरीच होती. तिसरा प्रश्न त्याने विचारला नाही.

यामिनी माझ्याकडे पाहत होती. पाठीमागून खो मिळेल म्हणून बसते, तशी. मी चष्मा काढून पुसत बसलो.

निकाल उद्या अकराला. काही पुरावा असेल तर आणा म्हणाला.

संध्याकाळी तिचा बाप आला. श्रीराम, मिलमध्ये वीस वर्षं लूमवर होता, आता एका गोडाऊनची चौकीदारी करतो. आत ये म्हटलं तर आला नाही, ओट्यावरच बसला.

"भिया, उमर तुम्हीच कमी केली होती ना? तर तुम्हीच वापस करा."

मी समजावलं. हे बोललो तर संघावर बंदी येईल, शील्ड जाईल, पोरींची सर्टिफिकेटं रद्द होतील. दोघी त्यावर रेल्वेत लागल्या आहेत. माझ्यावर केस होईल ते वेगळंच.

"यामिनी म्हणते, शील्ड देऊन टाकू," तो म्हणाला. मग उठता उठता, "तुम्ही दोन साल कमी करू म्हणाले तेव्हा मी एक शब्द विचारला होता का? तुम्ही बोलले, मी म्हटलं ठीक आहे."

चहा न घेता गेला. शशिकला पूर्ण वेळ दारात उभी होती.

पोरींच्या नोकऱ्यांचं मी पुढे केलं, पण खरी भीती माझी मला आहे. जेलची तेवढी नाही. उद्यापासून "सेक्रेटरी साहब" म्हणून हाक मारणारं कोणी राहणार नाही, त्याची आहे. लाज वाटते लिहायला.

१९ नोव्हेंबर, सकाळ

जाणार नाही. ताप आहे असा अशोकला निरोप दिला. मी नसलो तर दाखलाच बोलेल, मला काही बोलावं लागणार नाही.

शशिकला उमेदवार, तिला जाणं भाग आहे. निघताना तिने माझ्या कपाळाला हात लावला. "ताप नाहीये," म्हणाली. चपला घातल्या आणि पायीच निघाली.

१९ नोव्हेंबर, दुपार

यामिनीचा अर्ज मंजूर झाला.

अशोकचा फोन आला, ओरडत होता. शशिकला आपणहून उठून उभी राहिली म्हणे. "लडकी बाईस की है. दो साल इन्होंने कम किए थे." अधिकारी म्हणाला, "'इन्होंने' नहीं चलेगा. बयान लिखना है, नाम बोलिए."

लग्नाला तेवीस वर्षं झाली. उखाणा सोडला तर तिने कधी माझं नाव घेतलेलं नाही.

"रघुवीर बाबूराव पागनीस," तिने सांगितलं. लिहिणाऱ्याला नीट ऐकू आलं नाही, म्हणून पुन्हा एकदा सांगितलं.