राजेसाहेबांचं पान

शनिवार, ६ सप्टेंबर

आजपासून मी बंगलेवाला. स्कारबरोच्या बेसमेंटमध्ये चौघांत एक वॉशरूम वापरत काढलेले दिवस संपले, आणि इथे व्हिटबीत, तळ्यापासून चालत जाण्याच्या अंतरावर, अख्खं घर माझ्या ताब्यात आलं. भाडं ऐकून शैलेंद्रने विचारलं की घरात कोणी मेलंबिलंय का. शैलेंद्र माझ्या ऑफिसातला, मूळचा पुण्याचा, आणि पुणेकराला स्वस्त वस्तूत खोट दिसलीच पाहिजे.

खोट काही नाही. मालकीण मिसेस लिऊ सत्तरीच्या आहेत, शाळेत पियानो शिकवायच्या. नवरा गेल्यापासून हिवाळा मुलीकडे व्हँकुव्हरला काढतात. घर उबदार ठेवायला आणि दारातला बर्फ शोव्हल करायला त्यांना कोणीतरी हवं होतं. मी नागपूरचा, बर्फ आजवर गोळेवाल्याच्या गाडीवरच जास्त पाहिलेला, पण हे त्यांना सांगितलं नाही.

निघण्याआधी त्यांनी मला घर फिरून दाखवलं. शेवटी डायनिंग रूम. तिथल्या काळ्या लाकडी कपाटात नवऱ्याच्या पूर्वजांच्या नावाच्या उभ्या पाट्या असायच्या, त्या त्यांनी मुलीकडे नेल्या आहेत. एक वीतभर उंचीची पाटी तेवढी मागे राहिली आहे. तिच्यावरची अक्षरं झिजून गेली आहेत. ही कोणाची, असं विचारलं तर म्हणाल्या, हा आमचा म्हणावा असा नाही. दोन हजार वर्षांपूर्वीच्या चिनी हान सम्राटांच्या घराण्यातला हा एक राजपुत्र. सम्राटाला पोरं पुष्कळ, त्यातला हा कुठलातरी मधला. टीचभर मुलूख देऊन त्याला लांब धाडलं आणि तिथे तो तरुणपणीच मेला. बखरीत त्याच्यावर एकच ओळ आहे म्हणे, की मुलगा नव्हता, राज्य काढून घेतलं. त्याला विचारणारं कोणी उरलं नाही म्हणून नवऱ्याच्या घराण्याने पिढ्यान्‌पिढ्या ही पाटी सांभाळली. मुलीच्या कॉन्डोत आता परक्यासाठी जागा नाही.

धूळ पुसा, वाटलं तर उदबत्ती लावा, जेवण मात्र ठेवू नका, असं त्या जाता जाता म्हणाल्या. जेवण मुलाने वाढायचं असतं. मी म्हटलं, आमच्याकडेही तसंच आहे. मग टॅक्सी आली, आणि मी एकटाच चहा करून डेकवर बसलो. फार बरं वाटलं.

मंगळवार, ९ सप्टेंबर

सकाळी कामाला बसण्याआधी बाबांना फोन. तिकडे त्यांची संध्याकाळ असते. बाबा म्हणजे सुधाकर वैरागडे, जन्मभर इतिहास शिकवला. मीही त्यांच्या वर्गात होतो, आणि वर्गात त्यांना बाबा म्हणायची बंदी होती. तेव्हापासून आमचा फोन हजेरीने सुरू होतो. ते म्हणतात, "उन्मेष सुधाकर वैरागडे," आणि मी म्हणायचं, "हजर, सर." मधलं नाव ते मुद्दाम दमदार घेतात. माझी धाकटी बहीण चित्रा त्यांच्याजवळ राहते, ती मागून दर वेळी हसते. आई गेल्यापासून घरात हा एवढाच पोरकटपणा उरला आहे, तो मला जिवापाड आवडतो.

राजपुत्राची गोष्ट ऐकून बाबा खूश झाले. म्हणाले, "म्हणजे आपल्या भोसल्यांसारखंच झालं नं बे त्याचं. निपुत्रिक वारले, संस्थान खालसा." दत्तक तरी घ्यायचा होता बिचाऱ्याने, असंही म्हणाले. मी आता पाटीला राजेसाहेब म्हणतो.

रविवार, २१ सप्टेंबर

आज सर्वपित्री. सकाळपासून पायाला भिंगरी लागल्यासारखा घरात फिरत होतो. घरची आठवण अशी पोटातून येते. शेवटी उठून अजॅक्सच्या ग्रोसरीत गेलो, उडदाची डाळ आणि फ्रोझन केळीची पानं आणली. वडे केले, कढी केली, खीर केली. वडे चपटे झाले, पण झाले.

आमच्या घरी आजोबांचं पान बाबा वाढतात. बाप हयात असलेल्याने पितरांना पान वाढायचं नाही, म्हणून मी आजवर नुसता वडे खायला हजर असायचो. पण खाणारा मी एकटा, आणि समोर तो बिचारा दोन हजार वर्षांचा उपाशी. कोणाचं काय जातंय, असं म्हणून राजेसाहेबांसमोर पान वाढलं. तीळ टाकून पाणी सोडलं. डेकच्या कठड्यावर कावळ्यासाठी घास ठेवला.

व्हिटबीत कावळे लठ्ठ आहेत. कुंपणावर येऊन बसले, पण घासाला एकही शिवेना. आता घाटावर अशा वेळी काय करतात ते मला ठाऊक आहे. हात जोडून गेलेल्याला शब्द देतात, की पोरीचं लग्न आम्ही करू, म्हातारीला अंतर देणार नाही. गेलेल्याची इच्छा ओळखली की कावळा शिवतो. म्हणून मीही हात जोडले आणि हसत हसत म्हटलं, राजेसाहेब, चिंता सोडा. तुमचं नाव मी चालवीन. मला तुमचा मुलगाच समजा.

कावळा सरळ खाली आला. घास संपवून माझ्याकडे बघत बसला.

गंमत म्हणून हे बाबांना फोनवर सांगितलं. ते हसले नाहीत. म्हणाले, "मी अजून आहे नं बे." माझ्या जिवाला फार लागलं ते. पुन्हा असं करणार नाही म्हणून शपथ घेतली, तेव्हा कुठे वड्यांची चौकशी केली.

शुक्रवार, ३ ऑक्टोबर

एका जागी बसवत नाही. कामाच्या मीटिंगाही उभ्याने करतो. खुर्चीत टेकलो की कोणीतरी मोठं माणूस खोलीत आलंय आणि आपण उठलो नाही, असं वाटत राहतं.

काल दसऱ्याचं जेवायला शैलेंद्र आला होता. मी ताटं तीन घेतली. त्याने विचारलं, अजून कोण येतंय. मी एक ताट परत ठेवलं. जाताना तो म्हणाला, "एक विचारू? तू डायनिंग रूममधून बाहेर येताना उलटा का चालतोस? आर यू ओके, मॅन?" मी म्हटलं, काहीतरीच काय.

तो गेल्यावर मुद्दाम आत जाऊन बाहेर आलो. उलटा चालतो. कपाटाकडे तोंड करून, नजर खाली, दारापर्यंत. सरळ चालायला गेलो तर मानेवर घाम येतो.

सोमवार, १३ ऑक्टोबर

थँक्सगिव्हिंगची सुट्टी. रस्त्यावर चिटपाखरू नाही.

फोन केला. बाबा हजेरी घेताना म्हणाले, "उन्मेष," मग थांबले, आणि म्हणाले, "वैरागडे." मधे काही नाही. मी हजर म्हटलं, पण गंमत गेली. चित्राला विचारलं तर म्हणाली, झोपेत असतील. मग हळूच म्हणाली की काल त्यांनी शेजारच्यांना सांगितलं, मला एकच मुलगी.

गुरुवार, २३ ऑक्टोबर

भाऊबीज. चित्राने मोबाइलसमोर ओवाळलं, पण तिचे डोळे रडून सुजले होते. डॉक्टरांनी काकांचा स्कॅन केला, सगळं स्वच्छ आहे. सनावळ्या तोंडपाठ आहेत, दूधवाल्याचा हिशोबही चुकत नाही. फक्त भिंतीवरच्या फोटोपुढे उभे राहून विचारतात, आपल्या चित्राशेजारी हा मुलगा कोण. फोटो माझा आहे, इंजिनिअर झालो तेव्हाचा. काकांनीच फ्रेम करून लावला होता.

आत्ता वर वाचलं. काका का लिहिलं मी? बाबा. बाबांचा स्कॅन. बाबांनीच फोटो लावला होता.

बुधवार, ५ नोव्हेंबर

न राहवून मिसेस लिऊंना फोन केला. पाटीपुढे जेवण ठेवलं, म्हणून सांगितलं. मग त्यांनी विचारलं, ठेवताना तोंडाने काय म्हणालात. मी सांगितलं.

त्या रडल्या. म्हणाल्या, मी त्याला मागे ठेवायला नको होतं, पण तुमच्यासारखा माणूस दुसऱ्याच्या पूर्वजाला, मला मुलगा समज, म्हणेल असं कोणाच्या स्वप्नात येतं? त्यांच्याकडे निपुत्रिकाला मुलगा देतात, आपल्या दत्तकासारखा. दिला की तो त्या घरचा. मग जन्मदात्या बापाला त्याने काका म्हणायचं.

मी वहीत काका लिहिलं होतं, ते त्यांना सांगितलं नव्हतं.

उपाय एकच, म्हणाल्या. दिलेला मुलगा फक्त देणारा बापच परत मागू शकतो. त्याने पूर्ण नाव घेऊन हा माझा म्हटलं पाहिजे, आणि तेही हिवाळ्यातल्या सर्वांत लहान दिवसाच्या आत. त्या दिवशी घरचा मुलगा पूर्वजांना जेवू घालतो. एकदा त्या दिवशी वाढलं की संपलं.

म्हणजे एकवीस डिसेंबर. बाबांनी एक हजेरी घ्यायची आहे, एवढंच. आयुष्यभर घेतली.

मंगळवार, १८ नोव्हेंबर

परवा पाटी टॉवेलात गुंडाळून गराजमध्ये ठेवली. जेवायला बसलो. भात पुठ्ठ्यासारखा. लोणचंही पुठ्ठ्यासारखं. पाणीसुद्धा घशाखाली उतरेना. दुसऱ्या दिवशीही तेच.

आज परत आणून ठेवली, पुढ्यात भात वाढला, आणि मग जेवलो. भुकेपुढे लाज राहत नाही. गोड लागला, याचीच जास्त भीती वाटते.

शुक्रवार, ५ डिसेंबर

रोज फोन. चित्राला सगळं सांगितलंय, ती त्यांना समोर बसवते, माझं पूर्ण नाव लिहून देते. ते वाचतात, "उन्मेष," आणि पुढचं वाचायच्या आत चष्मा पुसायला घेतात. मग विसरतात. मला अहो-जाहो करतात. तिकडे थंडी फार असेल नं तुमच्याकडे, म्हणाले.

माझ्याशी इतकं सभ्य ते कधीच नव्हते. फोन ठेवून ओक्साबोक्शी रडलो.

शुक्रवार, १२ डिसेंबर

नागपूरचं तिकीट काढलं. समोर जाऊन उभा राहीन, माझा कान धरायला लावीन, मग कसे विसरतात बघू.

दुपारी बॅग घेऊन निघालो. ड्राइव्हवेवर उलटा चालत होतो. घराकडे पाठ होईना. मान वळवली की पाय थिजतात. बर्फात पडलो. समोरच्या बाईंनी उठवलं, डोक्याला लागलंय का म्हणून विचारत होत्या. शैलेंद्रने गाडी आणली, ओढून आत बसवलं. मी दार उघडून उतरलो. चालत्या गाडीतून.

तो म्हणाला, धिस इज नॉट ओके, उन्मेष, मी नाइन-वन-वन करतोय. मी हात जोडले. हॉस्पिटलात नेलं तर फोन कोण करणार?

विमान गेलं.

बुधवार, १७ डिसेंबर

आज चित्राशी बोलताना काका म्हणालो. ती म्हणाली, दादा, बाबा म्हण. म्हटलं. तोंडात खडा आल्यासारखं झालं.

आई कशी दिसायची ते आठवतं. स्कूटरवर तिच्या पुढे बसलेलं कोण —

शर्टाच्या खिशाला लाल शाईचा डाग. खडूचा वास. चेहरा नाही.

शनिवार, २० डिसेंबर

उद्या. तांदूळ कचऱ्यात टाकले. शेगडी बंद. वाढायचं नाही. काही झालं तरी वाढायचं नाही.

चित्राने युक्ती काढली. जुन्या वर्गासारखी बाकावरच्या सगळ्यांची हजेरी घ्यायला लावते. ओघात येईल नाव. येईलच.

रविवार, २१ डिसेंबर

फोन स्पीकरवर, टेबलावर. ऐकता ऐकता लिहितोय. लिहिलं की मन जागेवर राहतं.

काका हजेरी घेताहेत. नंदकुमार. शुभंकर. चित्रा एकेकाचं हजर म्हणतेय. आवाज काय दमदार आहे म्हाताऱ्याचा.

उन्मेष, म्हणाले.

थांबले.

मग फार मायेने विचारलं, बाळ, तुझ्या वडिलांचं नाव काय?

मला येतं. सोपं आहे. चित्रा ओरडून सांगतेय, दादा, म्हण नं, म्हण. ऐकू येतंय, कानात राहत नाही. काका थांबलेत. थांबा, काका, सांगतो —

भाताचा वास. शेगडी मी पेटवली नव्हती. पाटीपुढे पान मांडलेलं आहे. वाढलेलंही. माझ्या बोटांना शितं —

हजेरी पुन्हा सुरू झाली. फोनवर नाही. आतून, कपाटातून.

उन्मेष, म्हणाले. पुढे वडिलांचं नाव घेतलं. दमदार. दोन हजार वर्षं कोणी न घेतलेलं. मला कळलं. माझंच आहे.

फोनवर कोणी परके गृहस्थ रडताहेत. बाळ, बाळ म्हणताहेत. कोणाचे असतील.

उभा राहिलो. हज