गाणाऱ्या बाईंच्या डोक्यावरचं तळं

ती. ताईस,

साष्टांग नमस्कार. (खरं तर वाकूनच घालायचा, पण कालपासून कंबर धरली आहे, तेव्हा कागदावरचाच गोड मानून घे.) तुझा गुडघा काय म्हणतो? भावोजींचा खोकला गेला, की अजून पंख्याखाली झोपून औषधालाच नावं ठेवतायत? इकडे सगळं ठीक. मी शिंकतोय, तुझी भावजय माझ्यावर वैतागली आहे आणि कारखान्यातलं मोठं शिवणयंत्र करकरतंय, म्हणजे नेहमीसारखंच.

लांब्यासाठी तू तिकडे खोली शोधते आहेस, त्याबद्दल त्याने तुझे आभार मानलेत. जनावरांच्या त्या मोठ्या दवाखान्यातली नोकरी त्याला आवडली आहे, पण राहायची सोय झाली तरच होकार देणार म्हणतो. माझं काही म्हणणं नाही. शाळेत असल्यापासून रोज संध्याकाळी कारखान्याच्या पायरीवर येऊन बसणारा माणूस उठून तुझ्या गावी गेला, तर पायरी रिकामी राहील, एवढंच. पायरीचं काय, तिच्यावर कापडाचे गठ्ठे ठेवता येतील. तर जायच्या आधी त्याला खूश करावं म्हणून स्टेडियममधल्या त्या मोठ्या गाण्याच्या कार्यक्रमाला घेऊन गेलो, त्याची हकीकत.

आता तुझ्यापासून काय लपवायचं? स्टेजवरची ताडपत्री आपल्याच कारखान्याची होती. बाबांचा नियम तुला आठवतच असेल : ज्याने शिवली त्याने खाली बसायचं आणि दुसऱ्याने वरून बादली ओतायची. (तुझ्या पहिल्या ताडपत्रीखाली तू गणवेशासकट न्हाली होतीस, हे मी कुणाला सांगितलेलं नाही. लांब्या सोडून.) ही ताडपत्री आपल्या अंगणात मावेना, म्हणून बादलीचं राहून गेलं आणि आभाळ तर भरून आलेलं. म्हणजे मी तिथे हजर असणं भागच होतं. लांब्याला मात्र म्हटलं, चल, तुझ्या आवडत्या बाई येतायत. त्या बाईंचं एक गाणं तो गाईला इंजेक्शन देतानाही गुणगुणत असतो. (गाई निमूट उभ्या राहतात. त्यात सुईची भीती किती आणि आवाजाची किती, हे त्यांनाच ठाऊक.) बिचारा इस्त्रीचा शर्ट घालून आला.

फाटकावर आमच्या छत्र्या काढून घेतल्या आणि त्याबदली प्लास्टिकचे पातळ अंगरखे दिले. माझा घोट्यापर्यंत आला, लांब्याचा कमरेवरच थांबला. पाऊस सुरू झाला तसं मागच्या रांगेतून ‘ओ उंट, खाली बसा’ असा आग्रह झाला, म्हणून तो बसला. खुर्चीत पाणी साचलेलं होतं, तरी बसला. मग बाई आल्या, अख्खं स्टेडियम उठून नाचायला लागलं, आणि एकटा लांब्या बसून राहिला, कारण त्याला ऊठ असं कुणी म्हटलं नव्हतं. मी उभा होतो, पण माझी नजर बाईंवर नव्हती. वर होती. ड्रम वाजवणाऱ्याच्या डोक्यावर ताडपत्रीला पोट सुटलं होतं.

ताई, तू हसशील, पण हसू नकोस. आयुष्यभर ट्रकच्या ताडपत्र्या शिवल्या. ट्रकवर माल फुगतो, म्हणून मधे ढील सोडायची, हे हाताला इतकं बसलंय की स्टेजच्या ताडपत्रीलाही मी ढील सोडली. आता स्टेजवर काय फुगणार होतं? बाई तर चांगल्या सडपातळ आहेत. त्या ढिलीत पाणी साठत गेलं, आणि आणखी थोडा वेळ गेला असता तर ड्रमवाला, त्याचे ड्रम आणि आपल्या कारखान्याचं नाव एकदमच वाहून गेलं असतं. मला दरदरून घाम फुटला. (पावसात घाम फुटलेला कळतो, हे मला नव्यानेच समजलं.)

लांब्याला सांगितलं, तर एका शब्दाने न विचारता उठला आणि माझ्यापुढे चालायला लागला. पहारेकऱ्याने अडवलं तेव्हा शांतपणे म्हणाला, ‘डॉक्टर आहे.’ कशाचा, ते त्या गृहस्थाने विचारलं नाही आणि याने सांगितलं नाही. स्टेजमागे एक लांब बांबू पडला होता. लांब्याने तो ड्रमच्या मागे उभं राहून ताडपत्रीच्या पोटाला लावला आणि सावकाश वर रेटला. सगळं पाणी पुढे घरंगळलं आणि स्टेजच्या कडेवरून पडद्यासारखं कोसळलं, ते नेमकं महागाच्या खुर्च्यांवर. स्टेजच्या दिव्यांचा उजेड त्या पाण्यावर पडला. बाई एक ओळ विसरल्या. पण लोकांना वाटलं हे मुद्दामच ठेवलेलं आहे, आणि त्यांनी शिट्ट्यांनी स्टेडियम डोक्यावर घेतलं. कार्यक्रम करणारे आता विचारतायत, पुढच्या वेळीही असंच पाणी सोडाल का? मी विचार करून कळवतो म्हटलं.

पण पाऊस थांबेना, त्यामुळे लांब्यालाही बांबू सोडता येईना. तो शेवटपर्यंत तसाच उभा. त्याचं ते गाणंही तेव्हाच झालं, आणि त्याला ऐकू आला तो फक्त ड्रम. मी म्हटलं, दे इकडे, तू पुढे जाऊन ऐक. तर म्हणतो, ‘तुझा हात पोचणार आहे का?’ मी तिथल्या एका सामानाच्या पेटीवर चढून पाहिलं. नाही पोचला, वर कंबर तेवढी लचकली. परत येताना वाटभर ते गाणं तो स्वतःच म्हणत होता, बेसूर. मला रडू आलं. पावसामुळे कळलं नसावं.

भावोजींना नमस्कार, मुलांना आशीर्वाद.

तुझा धाकटा भाऊ

ता. क. : खोलीचं मनावर घेऊ नकोस. मिळाली असेल तर ती गळते असं लांब्याला कळव. गळत नसली तरी कळव. एवढं माझ्यासाठी कर.

ता. क. दुसरा : मला उठवत नाही, म्हणून हे पत्र लांब्याच पेटीत टाकणार आहे. पाकीट मी कारखान्यातल्या डिंकाने स्वतः चिकटवतो, तेव्हा काळजी नको.

ता. क. तिसरा, वेगळ्या अक्षरात : ताई, पाकीट याने चिकटवलं होतं आणि बाहेर पाऊस आहे, तेव्हा काय झालं ते तुझ्या लक्षात आलंच असेल. खोली खुशाल गळकी बघ. वर ताडपत्री घालायला हा येईल, आणि याने घातलेली म्हणजे याला पुन्हा पुन्हा यावं लागेल. फक्त दाराला पायरी असू दे, दोघांना बसता येईल एवढी. – लांब्या