नऊ कारखान्यांचं एकच हस्ताक्षर

तीर्थरूप मामांना थोरल्या भाचीचा नमस्कार.

तुमची पाठ, मामीचा दमा आणि जिन्यातलं ते भांडखोर मांजर, सगळं आपापल्या जागी ठीक असेल अशी आशा आहे. एरवी मी तुम्हाला तोंडावर अरे-तुरे करते, पण आज ‘तुम्ही’ लिहिते आहे, कारण मी रागावले आहे. (आपल्या घरात राग आला की आदर वाढतो. आईनं मला ‘बाईसाहेब’ म्हटलं की मी अर्धा तास बाहेर फिरून येते.) फोनवर मला धड रागावता येत नाही, म्हणून उद्या बाबा तिकडे येताहेत त्यांच्या हाती हे पत्र देते आहे.

कारखान्यांनी पाणी आणि धूर स्वच्छ ठेवला तर त्यांचा धंदाही बरा चालतो का, हा माझा तीन वर्षांचा प्रश्न तुम्हाला ठाऊकच आहे. एकशे चौदा कारखान्यांकडून फॉर्म भरून घेऊन आकडे गोळा करायचे, कोण मोठा, कोण जुना, कोण काय बनवतो हे फरक गणितानं बाजूला काढायचे (दोन भावंडांची उंची ताडून पाहताना आधी वयं बघतो, तसंच), आणि उरलेल्यातून एक रेषा काढायची. रेषा वर चढली तर स्वच्छतेनं भलं होतं. आडवी पडली तर मी आडवी पडले. ती चढली, मामा! दुसऱ्याची चूक सापडल्याशिवाय न हसणारे आमचे सर चक्क हसले आणि त्यांनी विभागभर सांगून टाकलं. गुरुवारी माझी पीएच.डी.ची व्हायवा, म्हणजे तोंडी परीक्षा आहे. बाहेरून ज्या परीक्षक बाई येणार आहेत त्यांची ख्याती अशी, की त्या प्रबंध बाजूला ठेवतात आणि मूळ कागद मागतात.

तर आज सकाळी शेवटची तपासणी म्हणून मी एकेका औद्योगिक वसाहतीचे कारखाने वगळून रेषा पुन्हा काढत होते. ही नेहमीची रीत आहे, खाटेचा एकेक पाय हलवून बघावा तशी. पाच वसाहती वगळल्या, रेषा ढिम्म हलली नाही. सहावी वगळली आणि रेषा सपाट. सहावी तुमची, जिथले फॉर्म मी तुमच्याकडे वाटायला दिले होते. कारखाने फक्त नऊ. कपाटातून ते नऊ फॉर्म काढले, वाचले आणि मी मटकन खुर्चीत बसले (खुर्ची शेजारच्या मुलीची होती, आणि ती तिच्यात बसलेली होती).

नऊ मालक, नऊ शिक्के आणि अक्षर एकच, माझ्या पहिलीच्या वह्यांवर नाव घालणारं! तुम्ही कापड रंगवायच्या कारखान्यात स्टोअर सांभाळता, तेव्हा तिथला फॉर्म तुम्ही भरलात हे समजू शकते. पण शेजारच्या खोक्यांच्या कारखान्यात पाणी लागतं ते पिण्यापुरतं. त्यांनी चाळीस टक्के पाणी वाचवलं? माणसं काय तहानलेली बसतात? लाकूड कापणाऱ्यानं सांडपाणी शुद्ध करायचा प्लांट बांधला? आणि नऊच्या नऊ जणांचा नफा दरवर्षी बरोबर बारा टक्क्यांनी वाढला, एकाचाही अकरानं नाही?

मी लगेच फोन केला, तर तुम्ही शांतपणे म्हणालात, “अगं, फॉर्म नुसते पडून होते. मालकांना वेळ कुठे असतो? आणि तू फोनवर रडत होतीस, उत्तरं येत नाहीत म्हणून. मग मी फिरून सगळ्यांचे शिक्के आणले आणि टाकले भरून. चांगलंच लिहिलंय गं, वाईट एकही नाही.” मामा, तिथेच तर घोडं पेंड खातं! मला तुमचा इतका राग आला आणि त्याच क्षणी तुमची इतकी माया वाटली, की मी फोनच ठेवून दिला.

सध्या ते फॉर्म माझ्या पिशवीत डब्याखाली आहेत. सर दारात दिसले की माझा हात पिशवीवर जातो. त्यांना वाटतं मला सारखी भूक लागते आहे, दोनदा बिस्किटं देऊन गेले.  नऊ काढले तर तीन वर्षं पाण्यात, सरांची मान खाली. ठेवले तर त्या बाईंना अक्षर ओळखायला भाची असायची गरज नाही. 

मामीला नमस्कार सांगा.

तुमची,
थोरली

ता. क. सोबत एक टाइप केलेला कागद आहे: ‘नऊही मालकांनी सांगितलेले आकडे मी फक्त उतरवून घेतले.’ खाली सही करून बाबांच्या हाती परत द्या. सारख्या अक्षराला कारण मिळेल, पुढे कुणी विचारणार नाही. खरं सांगायचं तर पत्र याचसाठी लिहिलं.

आणखी एक ता. क. चिकटवलेलं पाकीट फोडून लिहिते आहे. तुम्ही सही कराल हे मला ठाऊक आहे, आणि केलीत तर मी तो कागद दाखवीन, हेही ठाऊक आहे. म्हणून करू नका. फाडून टाका. सरांना काय सांगायचं ते माझं मी बघते. आजवर तुम्ही मला कशालाच ‘नाही’ म्हटलेलं नाही, या एकदा ‘नाही’ म्हणा. कसं म्हणायचं ते मामीला विचारा, तिला येतं.